कराड ते चिपळूण : दोन हेल्मेट आणि एक घाट

धाकट्या बहिणीला मुलगी झाली. सातव्या दिवशी, रविवारी, अकीका ठरला आणि चिपळूणहून मेहुण्यांचा फोन आला, "भाईजान, भाभींना घेऊन यायचंच." ऑगस्टचा महिना. कराडहून चिपळूण शंभरेक किलोमीटर, मध्ये कुंभार्ली घाट. सोमवारी सकाळी मला कामावर हजर व्हायचे होते, म्हणून मोटारसायकलने सकाळी जाऊन रात्री परत यायचे ठरवले. अम्मीचे गुडघे दुखतात. ती आमच्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन घरीच थांबणार होती. तिने एकच अट घातली, "दोघांच्या डोक्यावर हेल्मेट पाहिजे, आणि पट्टा लावलेला पाहिजे."

पट्ट्याची अट चाचांमुळे आली. चार वर्षांपूर्वी मंडईतून घरी येताना वळणावरच्या वाळूवरून त्यांची गाडी घसरली. हेल्मेट डोक्यावर होते, पट्टा मोकळा होता. चाचा एकीकडे पडले आणि हेल्मेट घरंगळत दुसरीकडे गेले. जीव वाचला, अल्हमदुलिल्लाह. पण आता समोर बसलेल्या स्वतःच्या नातवंडांची नावे त्यांना आठवत नाहीत.

पट्टा का लावला नव्हता, हे आम्हाला नंतर कळले. ते हेल्मेट कोणीतरी अंदाजाने आणून दिले होते. दहा मिनिटांत कपाळावर कळ यायची, म्हणून चाचा ते टोपीसारखे मागे सरकवून ठेवायचे, पट्टा लावायचेच नाहीत. चाचा मुळात सावध माणूस. पण जे टोचते ते माणूस किती दिवस घट्ट बांधून ठेवणार? हेल्मेटचा आरामशीरपणा हा चैनीचा भाग नाही, हे आमच्या घराला असे कळले.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघे बाजारात गेलो. माझे हेल्मेट जुने झाले होते आणि पत्नीकडे तर नव्हतेच. मागे बसणाऱ्याला कशाला लागते, असे आपल्याकडे अजून पुष्कळ जण म्हणतात. कायद्याने ते दोघांनाही सक्तीचे आहे. हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित, अशी तरतूद 2019 च्या दुरुस्तीत झाली. पण दंड भरता येतो. चाचांच्या घरी जाऊन बसले की दंडाचा विचार मनात येत नाही.

दुकानदार वयस्क होता. त्याने आधी शिंप्याची टेप काढली. भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून, कानांच्या वरून, डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून माप घ्यायचे. माझे 58 सेंटिमीटर भरले. पत्नीचे घेताना तो म्हणाला, "ताई, गाडीवर जो स्कार्फ बांधणार तोच बांधून माप द्या." तिने मापासाठी टेप हातात घेतली आणि आरशासमोर मीच माप घेतले. जाड कापडाचा स्कार्फ आणि त्याखाली उंच अंबाडा असेल तर हेल्मेट वर तरंगते, नीट बसत नाही. म्हणून आत पातळ सुती टोपीसारखा स्कार्फ, केस खाली मानेजवळ बांधलेले, आणि पिना सगळ्या काढलेल्या. हेल्मेटच्या खाली पिन ठेवणे म्हणजे डोक्याशी सुई धरून बसणे. वरची ओढणी हेल्मेट घातल्यावर गळ्याभोवती आत खोचून घ्यायची.

मग त्याने हेल्मेट दाखवले. आयएसआयची खूण आणि तिच्यासोबत आयएस 4151 हा आकडा आहे ना, ते आधी पाहायचे. 1 जून 2021 पासून ही खूण नसलेले हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे, तरी रस्त्याकडेला रंगीबेरंगी टोप्या टांगलेल्या असतातच. खऱ्या हेल्मेटच्या आत, मऊ गादीच्या मागे, कडक थर्माकोलचा थर असतो. डोके आदळले की तो थर चेपतो आणि मार स्वतःवर घेतो. एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही. म्हणून जोराने आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी वापरायचे नसते, आणि दुसऱ्याचे जुने विकत घ्यायचे नसते.

मी घातलेले पहिले हेल्मेट छान सैल, मोकळे वाटले. मी तेच घ्यायला निघालो होतो. दुकानदाराने मागून खालची कड धरून पुढे ढकलली आणि ते माझ्या डोळ्यांवर आले. "हे पडताना निघून जाणार," तो म्हणाला. दुसरे एक माप लहान होते. ते घालताना कान दुमडले, गाल दाबले गेले. पाच मिनिटांत वाटले, नको. पण त्याने सांगितले, गाल दाबले गेले तर घाबरू नका, गालाची गादी महिन्याभरात बसते. बोलताना गाल थोडे दाताखाली यावेत इतपत घट्ट चालते. एकाच ठिकाणी, कपाळाच्या मधोमध किंवा कानशिलावर, कळ येत असेल तर ते हेल्मेट आपल्या डोक्याच्या घडणीचे नाही. कोणाचे डोके गोल, कोणाचे लांबट. माप तेच असले तरी कंपनी बदलून पाहायची. पंधरा मिनिटे घालून दुकानात बसायचे, मग काढून आरशात कपाळ बघायचे. लाल वण एकाच जागी उठला असेल तर ते हेल्मेट परत ठेवायचे. मान हलवली की हेल्मेटबरोबर कातडीही हलली पाहिजे. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटे जातील एवढीच जागा राहिली पाहिजे.

माझी दाढी पट्ट्यात अडकत होती. ती आधी हाताने खाली सारून मग पट्टा ओढायचा. चष्मा हेल्मेट घातल्यावर, काड्या सरळ आत सरकवून लावायचा. आणि जाळीची टोपी खिशात. तिच्या शिवणीचा वणही तासाभरात कळ देतो.

पत्नीला काळी काच हवी होती. परदाही होईल, असे तिचे म्हणणे. दुकानदार नम्रपणे म्हणाला, "ताई, पूर्ण तोंडाच्या हेल्मेटमध्ये चेहरा तसाही कोणाला दिसत नाही. काळी काच संध्याकाळी आणि पावसात काही दिसू देत नाही. घाटात तर नकोच." दोन्ही हेल्मेटना साधी पारदर्शक काच घेतली. काचेच्या आतून बसवायची एक जादा काच त्याने दाखवली. दोन्हींमध्ये हवेची पोकळी राहते, म्हणून वाफ धरत नाही. ती महाग वाटली. मी म्हणालो, राहू दे. हे वाक्य पुढे घाटात आठवले.

रविवारी फजर पढून, सफरची दुआ म्हणून निघालो. निघताना अम्मीने दोघांच्याही पट्ट्याखाली दोन बोटे घालून पाहिली. पत्नीने बुरख्याचा घेर मांडीखाली दाबून घेतला आणि मी साडीगार्ड नीट आहे ना, ते बघितले. कापड चाकात गेल्यावर हेल्मेटही फार काही करू शकत नाही. जामा मशिदीचे जुने जुळे मनोरे मागे पडले.

मल्हारपेठ, पाटणपर्यंत रस्ता मोकळा होता. हिरवीगार भातखाचरे आणि उजेडात चमकणारे डोंगर. पाटणला चहा घेताना पत्नी म्हणाली, कानात वारा घुमत नाही, आज डोके दुखत नाहीये. पुढे हेळवाकजवळ पाऊस लागला. कोयनानगरचा हा भाग वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा. इथे कोयनेचे पाणी अडवून शिवसागर झाला आणि त्यातले पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे नेऊन वीज केली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप अजूनही इथल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात येतो. जी नदी आपल्या कराडला कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राला जाते, तिचे काही पाणी इथून वाशिष्ठीत उतरून अरबी समुद्राला जाते. आम्हीही त्याच पाण्याच्या वाटेने खाली उतरणार होतो.

घाटमाथ्यावर ढग रस्त्यावर आले होते. माझी काच आतून पांढरी झाली. बाहेर गार, आत गरम श्वास. काचेवर दव धरणारच. काच एक खाच वर उचलली, कपाळावरची हवेची खिडकी उघडली, तेव्हा थोडे दिसू लागले. श्वास नाकाने, खाली सोडायचा. बाहेरच्या थेंबांसाठी मान थोडी इकडेतिकडे वळवली की वाऱ्याने थेंब सरकतात. एवढे जमले. तेवढ्यात समोरून ट्रक गेला आणि तांबडा चिखल काचेवर आला. मी गाडी कडेला घेतली, खिशातला कोरडा रुमाल काढला आणि खसाखसा पुसले.

वळणावरच्या टपरीवाल्याने ते पाहिले. चहा पुढे करत म्हणाला, "पाहुणे, आधी पाणी ओतायचं असतं. त्या चिखलात वाळू आहे." तोवर वाळूने आपले काम केले होते. काचेवर बारीक रेघांचे जाळे पडले होते. ही काच खरी काच नसते, प्लास्टिकच असते. दिवसा ते जाळे डोळ्यांत आले नाही, म्हणून मी विसरून गेलो.

पोफळी, शिरगाव करत बहादूरशेख नाक्याला पोहोचलो तेव्हा ऊन पडले होते. बहिणीच्या घराच्या भिंतीवर 22 जुलै 2021 च्या पुराची रेघ अजून दिसते. तिने ती मुद्दाम रंगवून घेतलेली नाही. त्याच खोलीत आज पाळणा होता. अकीक्याचे गोश्त वाटून झाले, सांदण आणि रस्सा झाला, भाचीच्या कानात मी तिचे नाव म्हटले. निरोप घेता घेता मगरिब झाली. नमाज पढून निघालो. वुजूचे ओले केस आधी पंच्याने पुसले, कारण ओल्या डोक्याने हेल्मेट घातले की गादीला आठवड्यात वास धरतो.

पोफळीच्या अलीकडे पहिला ट्रक समोरून आला. त्याचा दिवा माझ्या काचेवर पसरला. सकाळच्या प्रत्येक रेघेने तो उजेड फोडून चहूकडे उडवला. रस्ता नाहीसा झाला. काच वर केली तर पावसाचे थेंब चष्म्यावर. दुसरी गाडी आली, तिसरी आली. वर घाट, धुके आणि अंधार. मी गाडी थांबवली. मला सोमवारची हजेरी दिसत होती. पत्नी मागून म्हणाली, "साहेब ओरडतील, एवढंच ना? मागे फिरा."

उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. अंधारात आंधळ्या काचेने घाट चढणे आणि त्याला तवक्कुल म्हणणे मला जमले नाही. आम्ही परत फिरलो. बहिणीने दार उघडले आणि काही विचारले नाही, फक्त जेवणाचे पुन्हा गरम केले.

सकाळी चिपळूणच्या बाजारात त्याच कंपनीची काच मिळाली. हेल्मेटच्या किमतीच्या मानाने किरकोळ पैशांत आणि पाच मिनिटांत बदलून झाली. या खेपेला आतली जादा काचही घेतली. दुकानातल्या पोराने सांभाळायचे सांगितले ते इतकेच : ओले मऊ कापड काचेवर पाच मिनिटे ठेवायचे, किडे आणि चिखल आपोआप सुटतो, मग अंघोळीच्या साबणाचे पाणी आणि बोटे. पेट्रोल, थिनर, खिडक्या पुसायचे औषध कधीच नाही, त्याने प्लास्टिक खराब होते. हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवायचे नाही, जमिनीवर काच खाली करून ठेवायचे नाही. गालाच्या गाद्या काढून साबणाच्या पाण्यात धुवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. काचेवर रेघा दिसू लागल्या की रात्रीची वाट न पाहता ती बदलायची.

कोरड्या, उजळ सकाळी घाट चढलो. ज्या टपरीवर कालची चूक केली तिथे थांबून चहा घेतला. टपरीवाल्याने नवी काच पाहून मान डोलावली. कामावर अर्ध्या दिवसाची रजा लागली आणि साहेबांचे दोन शब्द ऐकावे लागले.

घरी पोहोचलो तर मुलगा धावत आला आणि माझे हेल्मेट त्याने स्वतःच्या डोक्यावर चढवले. आत त्याचे डोके खुळखुळ्यासारखे फिरत होते. तो हसत होता. अम्मी हसली नाही. पट्ट्याखाली तिने दोन बोटांऐवजी अख्खी मूठ घालून दाखवली. चार वर्षांवरच्या मुलांनाही कायद्याने हेल्मेट लागते. आपण त्यांना बहुतेक वेळा टाकीवर उघड्या डोक्याने बसवतो, किंवा मोठ्यांचे हेल्मेट कौतुकाने चढवतो. शाळेत सोडायला मी त्याला रोज असाच नेत होतो.

शुक्रवारी जुमा पढून आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. म्हाताऱ्याने टेप काढली आणि मुलाला म्हणाला, "हलू नकोस बाळ, भुवयांच्या वर बोटभर." त्याचे माप 52 भरले.