ताडपत्रीखालचं पाणी

दिंडीला गाडी ठरवायला आलेली मंडळी पहिला प्रश्न हमखास हाच विचारतात, "ताडपत्री फुटकी नाही ना?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. वरचा पाऊस ताडपत्री अडवते. गाडीच्या पोटात जे पाणी तयार होतं, तेही ती अडवते, बाहेर जाऊ देत नाही. आषाढात वाकळांना कुबट वास येतो, पिठाच्या गुठळ्या होतात, काडेपेटीतली काडी गुल झिजेपर्यंत घासली तरी पेटत नाही. मग सगळे ताडपत्रीला भोक शोधत बसतात. भोक सापडत नाही, कारण ते नसतंच.

माझी गाडी वर्षभर मोंढ्याची. सोयाबीन, सरकी, ज्वारी, जे मिळेल ते. आषाढात मात्र दिंडीचं सामान. परभणी जिल्ह्याला हे नवं नाही. गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखीही परभणी, दैठणा, गंगाखेड करत परळीकडे जाते. दिंडी लहान असो की मोठी, मागं एक तरी ट्रक असतोच. माणसं पायी चालतात आणि त्यांचं घर चाकांवर मागून येतं. वळकट्या, शिधा, भांडी, गॅस, औषधं, पोथ्या, सगळं एका हौद्यात. आणि पाऊस लागला की म्हातारी माणसंही त्याच हौद्यात झोपतात.

आता पाण्याचा हिशेब. ३० अंशांची, ओलाव्यानं पूर्ण भरलेली एक घनमीटर हवा साधारण ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरते. तीच हवा २० अंशांवर उतरली की तिला १७ ग्रॅमच पेलवतं. उरलेलं पाणी जिथं गार जागा मिळेल तिथं बसतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तोच प्रकार. हौद्यात सगळ्यात आधी गार होते ती उघड्या आभाळाखालची ताडपत्री, मग फाळक्याचा पत्रा. म्हणून गंमत अशी की ढगाळ रात्रीपेक्षा पावसानं उघडीप दिलेल्या चांदण्या रात्री ताडपत्री आतून जास्त ओली होते. परळी सोडून बालाघाट चढून अंबाजोगाईला मुक्काम पडला, की थेंबभर पाऊस नसताना सकाळी सामान ओलं का, याचं उत्तर हे आहे.

ही वाफ येते कुठून? झोपलेला माणूस श्वासातून आणि अंगातून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी सहज सोडतो. आठ-दहा जण झोपले तर पाण्याची एक छोटी कळशी हवेत गेली समजा. त्याहून मोठा चोर म्हणजे गॅस. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. भातातून, वरणातून उठणारी वाफ वेगळीच. १९ किलोची टाकी संपली म्हणजे जवळपास दोन बादल्या पाणी हवेत गेलं. पाऊस आला की आचारी शेगडी उचलून फाळक्याच्या आत ठेवायला बघतात. मी ठेवू देत नाही. आगीची भीती आहे, बंद जागेत जीव गुदमरायचीही भीती आहे, आणि ओल तर आहेच. त्यावरून दर वर्षी कुणीतरी माझ्यावर रुसतं. रुसू दे.

ताडपत्रीच्या जातीनंही फरक पडतो. जुनी मेण लावलेली कापडी ताडपत्री जड, वास मारणारी, दोघांशिवाय न उचलणारी. पण तिचं कापड थोडं पाणी पिऊन घेतं आणि थोडं बाहेर सोडतं. तिचा एकच नियम, भर पावसात आतून बोट लावायचं नाही. बोट लागलं की तिथून झिरपायला सुरुवात. प्लास्टिकची निळी-पिवळी ताडपत्री हलकी, स्वस्त, पावसाला पक्की. आतल्या वाफेलाही तेवढीच पक्की. पहाटे बॅटरी मारून वर बघावं, तर थेंब बांबूच्या रेषेत ओळीनं लोंबत असतात. एकेक फुगतो, शेजारच्याला मिळतो, उतारावरून घसरत कमानीच्या खालच्या टोकाला येतो आणि बरोबर त्याच जागी खाली पडतो. म्हणून त्या जागेखाली मी वळकटी ठेवत नाही, पातेलीच ठेवतो. थेंब कुठं पडणार हे ठरलेलं असेल तर निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं काम हवेचं. ताडपत्री सामानावर पसरायची नाही, सामानाच्या वर उभी करायची. मधे बांबू, आडव्या कमानी, आणि सामान व ताडपत्री यांच्यात हातभर मोकळी जागा. मागच्या बाजूला वर एक कोपरा सैल ठेवायचा आणि पुढं केबिनमागं एक फट. गाडी चालू असताना वारा आपोआप खेळतो. मुक्कामाला गाडी वाऱ्याच्या अंगानं उभी करायची. खाली लाकडी फळ्या, त्यावर ज्वारीचा कोरडा कडबा, वर गोणपाट. सामान फाळक्याला टेकवायचं नाही, चार बोटं अंतर सोडायचं. कडबा ओल पितो, पण तो बदलावा लागतो. भिजलेला कडबा तसाच राहिला तर तोच कुजायला लागतो. वाटेत बैलवाला भेटला की आनंदानं घेऊन जातो.

पिठाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. वाटेतल्या गावात दळण दळून आणतात. गिरणीतून निघालेलं पीठ हाताला चांगलं गरम लागतं. ते तसंच प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड आवळलं की तासाभरात पिशवीला आतून पाणी सुटतं. दुसऱ्या दिवशी पिठाच्या कडेनं गुठळ्या, तिसऱ्या दिवशी वास. दोष गिरणीवाल्याचा नाही, ज्वारीचाही नाही. पीठ धोतरावर पसरून गार होऊ द्यावं, मगच भरावं. आमच्या दिंडीतल्या मावश्यांना हे सांगावं लागत नाही. सेवेला आलेल्या तरुण पोरांना सांगावं लागतं. मीठ आणि गूळ तर पिठाच्या शेजारी ठेवायचेच नाहीत, दोन्ही हवेतलं पाणी ओढतात आणि शेजाऱ्याला भिजवतात.

पखवाज हौद्यात कधीच जात नाही. तो केबिनमध्ये, माझ्या मागच्या फळीवर, सुती कापडात. चामडं ओलं झालं की सैल पडतं, सूर उतरतो. धुमावर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावर, लावलेली कणीक कीर्तन संपताच खरवडून काढायची, नाहीतर तिच्यावरच बुरशी धरते. पोथ्याही सुती बासनातच. प्लास्टिकमध्ये पोथी गुंडाळणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण कागदात आधीच असलेली ओल ते आतच कोंडतात.

चेसिसखालची लोखंडी पेटी हा वेगळाच विषय. चाकाचा चिखल बाहेरून, गार पत्रा आतून. तिच्या तळाला दोन भोकं पाडलेली असावीत आणि ती चिखलानं बुजलेली नसावीत. तिथं पाने, दोर, जॅक ठेवावेत. कपडे ठेवू नयेत.

कोळशाच्या पुरचुंड्या, कळीचा चुना, बुटाच्या डब्यातल्या त्या बारीक दाण्यांच्या पुड्या, असले उपायही लोक करतात. हसण्यासारखं त्यात काही नाही, पण हिशेब बघा. एक किलो कळीचा चुना फार तर ३२० ग्रॅम पाणी शोषतो. म्हणजे एका माणसाचा एका रात्रीचा श्वास. औषधांच्या घट्ट डब्यात पुडी ठेवा, उपयोग होईल. अख्ख्या हौद्याला मात्र उघडीपच लागते.

आणि ती दुपारी मिळते. पहाटे वळकट्या घाईनं बांधतात तेव्हा त्या ओलसरच असतात. तशाच दिवसभर दाबून ठेवल्या की वास आलाच. दुपारच्या विसाव्याला फाळका पाडायचा, ताडपत्री मागं गुंडाळायची आणि वाकळा दोरीवर टाकायच्या, ऊन नसलं तरी. दुपारच्या हवेत पाणी पहाटेइतकंच असतं, पण ऊब असल्यानं कापड ते सोडून देतं. डबे, पेट्या, वळकट्या बंद करायच्या त्या दुपारीच. आषाढी कधी येते त्यावरही बरंच असतं. २०२३ ला ती २९ जूनला होती आणि पाऊस लांबलेला, त्यामुळं वाट बहुतेक धुळीची. २०२४ ला १७ जुलै, २०२५ ला ६ जुलै. अधिक ज्येष्ठामुळं २०२६ ची २५ जुलैला, म्हणजे ऐन पावसातली.

हीच गोष्ट दिवाळीच्या तोंडावर शेतात होते. सोयाबीनची रास संध्याकाळी प्लास्टिकनं झाकायची, सकाळी वरचा थर ओला. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्के ओलाव्याची अट असते. २०२४ च्या नोव्हेंबरात सरकारनं ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. पण दर वर्षी अट सैल होईल या भरवशावर रास झाकू नये.

राज्यानं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेल्या त्या गाड्यांत गादीखाली आणि कपाटात ओल धरते, ही तक्रार परदेशातही जुनीच आहे. उपाय आमचाच आहे: गादीखाली फळ्यांची जाळी, वर झडप, खाली फट.

अलीकडं दिंड्या पूर्ण बंद लोखंडी बॉडीच्या गाड्या घेतात. दिसायला नीट, कुलूप लागतं, पाऊस शिरत नाही. माझ्या मते दिंडीला याहून वाईट गाडी नाही. दिंडीप्रमुखांना विनंती आहे, घ्यायचीच असेल तर आधी मालकाला छताजवळ समोरासमोर दोन जाळ्या बसवायला लावा, वरून पावसाची पाखं द्या, आणि दुपारी दार उघडायचं काम एका माणसाच्या नावानं लावून द्या. सगळ्यांचं काम म्हणून सोडलंत, तर ते कुणीच करत नाही.