वर्ध्याच्या उन्हात बर्फाचे ओरखडे

मे महिन्यात कधी वर्ध्याला गेला आहात? पारा ४५ अंशांच्या वर चढतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि कूलरसमोरची जागा कुणी सोडत नाही. अशा वेळी कुणी म्हणालं, 'या नदीच्या खोऱ्यात एकेकाळी बर्फच बर्फ होता', तर तुम्ही म्हणाल, ऊन लागलंय याला! पण ही थाप नाही बरं का. पुरावा दगडावरच आहे.

चला, वर्धा नदीच्या काठाने निघू. मुंबईहून येणारी रेल्वे पुलगावजवळ ही नदी ओलांडते. इथला दगड काळा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तो तयार झाला. नदी पुढे चंद्रपूर जिल्ह्याकडे गेली, की ही काळी चादर संपते आणि खालचे फार जुने खडक उघडे पडतात. तिथे पैनगंगा वर्धेला मिळते. त्या संगमाजवळ आहे इरई गाव. इथे फेडन नावाच्या भूशास्त्रज्ञाला चुनखडीचा गुळगुळीत खडक दिसला, आणि त्यावर चक्क समांतर ओरखडे! १८७५ साली त्याने ही गोष्ट जगापुढे मांडली.

हे ओरखडे कुणी काढले? घरीच करून पाहा. वाटीत चमचाभर वाळू आणि पाणी घालून बर्फ करा. वाळू तळाशी बसेल. ती बाजू साबणाच्या वडीवर दाबून एकाच दिशेने सरकवा. उमटल्या ना रेघा? हिमनदी हेच करते. तिच्या पोटाखाली अडकलेले दगड खालच्या खडकाला खरवडत जातात.

दुसरा पुरावा या खडकावरच्या गाळात आहे. नदी गाळ निवडून ठेवते: आधी जड गोटे, मग वाळू, शेवटी चिखल. बर्फ मात्र वितळला, की असेल ते तिथेच टाकून देतो. म्हणून या गाळात बारीक मातीत मोठाले धोंडेही रुतलेले आहेत. असाच थर १८५६ मध्ये ओडिशातल्या तालचेरजवळ ओळखला गेला होता. त्यावरून त्याला 'तालचीर' म्हणतात.

पण इथे बर्फ आला कसा? सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता; आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका यांना चिकटलेला. त्या महाखंडाचं नाव गोंडवन, आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडलेलं! तशाच खुणा आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियातही आहेत. खंड सरकतात, हे पटवून देताना आल्फ्रेड वेगेनरने या खुणांचाही आधार घेतला.

पुढे बर्फ हटला. त्याच्या गाळावर नद्या वाहिल्या, दलदली झाल्या, जंगलं वाढली. ती गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. घुग्घुस, बल्लारपूरचा कोळसा तोच. चंद्रपूरच्या वीजकेंद्रात इथलाच कोळसा जळतो. म्हणजे आपल्या कूलरच्या विजेची गोष्टही त्या बर्फानंतरच सुरू होते!

पण या भागात सिमेंटसाठी चुनखडी खणतात. ३० कोटी वर्षं टिकलेली रेघ एका सुरुंगात नाहीशी होऊ शकते, आणि ती पुन्हा काढायला तो बर्फ काही परत येणार नाही. म्हणून कधी मोठ्या माणसांबरोबर तिकडे गेलात, तर दगडावर हात फिरवा, फोटो काढा. मात्र तुकडा तोडू नका, की नाव कोरू नका. आणि परत आल्यावर चार जणांना सांगा. लोकांना ठाऊक असेल, तरच ते जपतील ना?