पहिल्या मालकाचा कागद

टेक्ससमध्ये स्टेट इन्कम टॅक्स नाही, हे इथे राहायला आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच पॉटलकला कळतं. त्याची वसुली प्रॉपर्टी टॅक्समधून होते, हे घर घेतल्यावर कळतं. आमच्या शेजारचे आजोबा मात्र हा टॅक्स भरत नाहीत. चार वर्षं झाली.

टॅक्स बुडवणारा म्हटल्यावर जो माणूस डोळ्यांसमोर येतो, तसे ते अजिबात नाहीत. एसी दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले, वय 71, बायको गेलेली. आम्ही भारतात गेलो की आमच्या तुळशीला पाणी तेच घालतात. एका संध्याकाळी त्यांनी मला पोर्चमध्ये बसवून एक जाडजूड फाइल उघडली. आत जनरल लँड ऑफिसमधून आणलेली, 19व्या शतकातल्या लँड पेटंटची प्रमाणित नक्कल. तिला त्यांनी स्वतः टाइप केलेलं डिक्लरेशन जोडलेलं, काउंटी क्लार्ककडे फी भरून नोंदवलेलं. शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ, त्यांनीच मान्य केलंय. ही जमीन अलोडियल आहे. हिच्यावर माझ्याशिवाय कुणाचा हक्क नाही."

लँड पेटंट म्हणजे आपल्याकडच्या सनदेसारखी गोष्ट. सरकारी जमीन पहिल्यांदा खासगी माणसाच्या नावावर झाली, त्याचा कागद. 1862च्या होमस्टेड कायद्याने 160 एकरांपर्यंतच्या जमिनी अशाच वाटल्या गेल्या. टेक्ससची गोष्ट जरा वेगळी. अमेरिकेत सामील होताना या राज्याने आपली सरकारी जमीन स्वतःकडेच ठेवली, त्यामुळे इथली पेटंटं वॉशिंग्टनची नाहीत, इथलीच. म्हणजे ज्या राज्याचा अधिकार आजोबा मानत नाहीत, त्याच राज्याच्या कागदावर त्यांचा सगळा डोलारा उभा आहे. मी हे बोलून दाखवलं. ते हसले आणि त्यांनी पान उलटलं.

त्यांचं म्हणणं असं: मूळ पेटंटमध्ये जमीन 'कायमची' दिली आहे, म्हणून आजचा मालक ते पेटंट आपल्या नावावर करून घेईल, तर जमीन कर, कर्ज, नियम सगळ्यांतून मोकळी. 1980च्या दशकात शेतकरी कर्जात बुडाले, बँका शेतं लिलावात काढू लागल्या, तेव्हा ही कल्पना त्यांना विकली गेली. इंडियानातलं एक प्रकरण 1985 मध्ये फेडरल अपील कोर्टापर्यंत गेलं. स्वतःच स्वतःला पेटंट देणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही. सेमिनार मात्र अजून चालू आहेत. (नेवाडात एकेकाळी खरंच अलोडियल टायटल मिळायचं, 1997च्या कायद्याने. त्यासाठी घरावर कर्ज नको आणि पुढच्या अनेक वर्षांचा टॅक्स आगाऊ भरायचा! 2005 नंतर तेही अर्ज बंद झाले.)

या विचाराची मुळं 1970च्या दशकातल्या पॉसी कॉमिटॅटस नावाच्या, उघड वंशद्वेष्ट्या चळवळीत आहेत. चौदाव्या घटनादुरुस्तीने झालेले नागरिक खालच्या दर्जाचे, असं ही मंडळी मानायची. माझी मुलगी त्याच दुरुस्तीमुळे अमेरिकन आहे. तिला सायकल या आजोबांनी शिकवली.

आजोबा भोळे आहेत म्हणून फसले, असं म्हणून मला विषय संपवता येत नाही. त्यांनी घर घेतलं तेव्हा मागे शेतं होती. मग ऑफिसं आली, आमच्यासारखी दोन पगारांची जोडपी आली, सांगितलेल्या किमतीच्या वर बोली लावून घरं घेऊ लागली. टॅक्स बाजारभावावर बसतो. आजोबांनी भिंतीला रंगसुद्धा दिला नाही आणि त्यांचं बिल चढत गेलं. त्यात आमच्या खरेदीचाही वाटा आहे. हप्ते फेडून झालेल्या घराचं सरकारला भाडं भरतोय, असं त्यांना वाटतं. हे वाटणं मला खोडता येत नाही.

चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. टेक्ससमध्ये 65 वर्षांवरच्या माणसाला राहत्या घराचा टॅक्स पुढे ढकलता येतो. वर्षाला 5 टक्के व्याज चढतं, पण तो त्या घरात राहतोय तोवर टॅक्ससाठी घर विकता येत नाही. केस कोर्टात गेली असली तरी मुदतीत अर्ज दिला की वसुली थांबते. फक्त एक अफिडेव्हिट लागतं. मी प्रिंट काढून नेली. आजोबांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

"यावर सही केली की त्यांच्याशी करार झाला," ते म्हणाले. "त्यांना हेच हवंय."

सेमिनारमध्ये हेच शिकवतात. सेमिनारची फी आजोबांनी चेकने भरली होती, सही करून.

इथे असे लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतात. आजोबांच्या घराची तारीख अजून लागलेली नाही; दाव्याची नोटीस मात्र दारावर लागून तीन आठवडे झाले. काल ओक्लाहोमातल्या त्यांच्या मुलीचा फोन आला. रडली वगैरे नाही. नोटरी घरी येतो का, एवढंच विचारलं. येतो म्हणाले. शनिवारी ती पोचतेय. तोवर त्या प्रिंटवर कॉफीचा मग ठेवू नका, एवढं आजोबांना सांगून आलेय.