चाळीस जडीबुटींचे तेल

कोणाच्या डोक्यावर चाई पडलेली तुम्ही पाहिली आहे का? दाट केसांच्या मधोमध रुपयाएवढा गोल, गुळगुळीत डाग दिसतो. तिथे एकही केस नसतो. बहुधा ते दुखत नाही, खुपत नाही. मराठीत तिला चाई म्हणतात आणि आपल्या घरी बालखोरा. अरबीतले जुने नाव याहून गमतीचे आहे. दाउस्सालब, म्हणजे कोल्ह्याचा आजार! डॉक्टर मंडळी जे ग्रीक नाव वापरतात, त्यातही कोल्हाच लपलेला आहे. खरूज झालेल्या कोल्ह्याचे केस असेच जागोजागी गळतात, म्हणून त्या बिचाऱ्याचे नाव या आजाराला चिकटले.

माझ्या डोक्यावर हा कोल्हा २०१२ साली आला.

मी रावेरचा. तेव्हा एका केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहीत होतो. एके दिवशी केस कापायला बसलो असताना न्हाव्याची कात्री थांबली. त्याने माझ्या मागे दुसरा आरसा धरला. डाव्या कानामागे एक डाग होता आणि उजव्या बाजूला त्याहून थोडा मोठा दुसरा. माझ्या पोटात गोळा आला. तीन महिन्यांनी माझा निकाह होता आणि मुलगी बऱ्हाणपूरची होती.

अम्मीने पहिली गोष्ट कोणती केली असेल? तिने मला नवी टोपी आणून दिली. "घरात काय, बाहेर काय, ही काढायची नाही. त्यांच्या कानावर गेले तर काय म्हणतील?" तुम्हाला हे ऐकून हसू येईल, पण त्या वेळी मला हसू येत नव्हते. रस्त्यात कोणी मागून हाक मारली तरी वाटायचे, याने पाहिले वाटते!

आठवडे बाजारात एक तेलवाला बसत असे. त्याच्यासमोर माणसांच्या जोडीजोडीने लावलेल्या तसबिरी होत्या. एका तसबिरीत टक्कल, शेजारच्या तसबिरीत दाट केस. अम्मीने मला तिथे पाठवले. मी टोपी थोडी वर केली. त्याने डाग पाहिला आणि बाटली पुढे केली.

"यात काय आहे?" मी विचारले.

"सातपुड्याच्या चाळीस जडीबुटी."

"कोणत्या?"

"ते आमच्या उस्तादांचे गुपित आहे. एक बाटली साडेतीनशेची. सहा लागतील."

"केस किती दिवसांत येतील?"

"कोणाला तीन महिने, कोणाला सहा."

"आणि नाहीच आले तर?"

तो शांतपणे म्हणाला, "तर समजायचे, तुम्ही पथ्य मोडले."

माझा हात खिशात गेला होता, तो तिथेच थांबला. मी हिशेबनीस माणूस. माझ्या लक्षात आले की ही वही फार हुशारीने लिहिलेली आहे. केस आले तर ते तेलाच्या खात्यावर जमा, आणि नाही आले तर माझ्या नावे! अशा वहीत तेलाला कधी तोटा होणारच नाही.

मी रिकाम्या हाताने घरी आलो. अम्मी नाराज झाली. "लावून तर बघायचे होतेस! नुकसान काय झाले असते?" तेव्हा मला उत्तर सुचले नाही. आज सुचते. मार्च २०२५ मध्ये पंजाबातील संगरूर येथे टकलावर केस उगवण्याचे एक शिबिर भरले होते. तिथे लोकांच्या डोक्याला तेल चोळले. थोड्याच वेळात साठाहून अधिक लोक डोळे लाल होऊन, आग आग करीत इस्पितळात पोचले. बाटलीत काय आहे हे ठाऊक नसेल, तर "नुकसान काय" या प्रश्नाचे उत्तर कोण देणार?

मग मी जळगावला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भिंगातून डाग पाहिले आणि मला समजावून सांगितले. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारे शिपाई असतात. चाईमध्ये हे शिपाई चुकून केसांच्या मुळांवरच चालून जातात. पण मुळे मरत नाहीत, ती जणू झोपी जातात. म्हणून लहान डाग असतील, तर पुष्कळ लोकांचे केस वर्षभरात आपोआप परत येतात. "मलम आहे, डागात द्यायची इंजेक्शने आहेत," डॉक्टर म्हणाले, "किंवा नुसते थांबून पाहा. तुमचे डाग लहान आहेत."

आपोआप! हा शब्द ऐकून मला तेलवाल्याच्या तसबिरी आठवल्या. त्यांतल्या काही जणांचे केस तेलाविनाही आले नसते कशावरून?

मी डॉक्टरांना विचारले, "आमचे मामू म्हणतात, कांद्याचा रस लाव. तो उपाय खरा का?" मला वाटले, ते हसतील. ते हसले नाहीत. उलट त्यांनी मला बगदादची गोष्ट सांगितली. तिथल्या दोन डॉक्टरांनी २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. चाई असलेल्या काही रोग्यांना त्यांनी दिवसातून दोनदा कांद्याचा रस लावायला सांगितले आणि काहींना नळाचे साधे पाणी. सहा आठवड्यांनी रस लावणाऱ्या २३ जणांपैकी २० जणांना केस फुटले होते. पाणी लावणाऱ्या १५ जणांपैकी आठ आठवड्यांनीही फक्त दोघांना.

"मग झाले तर!" मी म्हणालो.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "माणसे किती? जेमतेम अडतीस. शिवाय आपल्या डोक्यावर काय लावले आहे, हे कांदेवाल्यांना कळत नव्हते का? वासच सांगतो! तपासणाऱ्यालाही तो वास येणारच. आणि हा प्रयोग चाईचा आहे. वयाबरोबर हळूहळू पडणाऱ्या टकलाचा नाही."

मग त्यांनी मिनॉक्सिडिल नावाच्या औषधाबद्दल सांगितले. त्याची गोळी मुळात रक्तदाबासाठी होती. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा कोणाला तरी वाटले, हे डोक्याला लावून पाहावे. पण वाटणे वेगळे आणि ठरणे वेगळे. काही लोकांना औषध दिले, काहींना तसाच दिसणारा नुसता द्राव दिला. कोणाच्या बाटलीत काय आहे, हे लावणाऱ्याला माहीत नव्हते आणि केस मोजणाऱ्यालाही नव्हते. अशी परीक्षा झाल्यावर १९८८ साली अमेरिकेत टकलावर लावण्यासाठी त्याला परवानगी मिळाली. तेही सर्वांना लागू पडत नाही, आणि लावणे थांबवले की आलेले केस पुन्हा गळतात. कांद्याची परीक्षा अशी घ्यायची तर आधी बिनवासाचा कांदा शोधावा लागेल!

घरी येताना गाडीत माझ्या मनात एक विचार आला. माझ्याजवळ डाग दोन आहेत. मग डाव्या डागाला कांदा लावावा आणि उजव्याला काहीच लावू नये. पाहू या काय होते ते.

मित्रांनो, रोज सकाळ-संध्याकाळ कांदा किसून, फडक्यातून पिळून तो रस डोक्याला लावणे म्हणजे काय, हे लावल्याशिवाय कळणार नाही. कातडी चुरचुरायची. पेढीवर माझ्या शेजारचा कारकून खिडकीकडे सरकून बसू लागला. अब्बा म्हणायचे, "आज भाजीत कांदा कमी का? साहेबांच्या डोक्यात गेला!"

पाचव्या आठवड्यात बऱ्हाणपूरहून मुलीचा भाऊ लग्नाच्या तयारीचे बोलायला आला. मी टोपी घालून समोर बसलो. त्याने दोनदा नाक ओढले आणि विचारले, "घरात कांदे सडलेत का?" अम्मीचा चेहरा उतरला. आता काय सांगावे? मी टोपी काढली आणि दोन्ही डाग दाखवले. कोणत्या बाजूला काय चालले आहे, तेही सांगितले. तो काही बोलला नाही. चहा पिऊन निघून गेला.

ते आठ दिवस आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. नवव्या दिवशी त्याचा निरोप आला. "आपा म्हणतात, टोपी घालून या नाहीतर तशीच या, पण कांदा लावून येऊ नका."

डाव्या डागावर सातव्या आठवड्यात बारीक पांढरी लव दिसली. उजव्यावर नवव्या आठवड्यात. पुढे दोन्हीकडचे केस काळे झाले. म्हणजे कांदा जिंकला का? मी मोठ्या उत्साहाने डॉक्टरांना सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "डावा डाग आधीपासूनच लहान होता ना?" होता.

ही गोष्ट मी विसरलो होतो. जानेवारी २०२५ मध्ये ती पुन्हा आठवली. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात गावेच्या गावे घाबरली होती. डोक्याला खाज सुटायची, ओढले की केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. बायका, मुले, म्हातारे, कोणीच सुटले नाही. लोकांना आधी पाण्याची शंका आली, काहींना शाम्पूची. सरकारी पथकांनी पाणी तपासले, कातडीचे नमुने नेले. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर तिथे गेले. त्यांनी लोकांचे ताट पाहिले. त्यांच्या अहवालात १८ गावांतील २७९ रोग्यांची नोंद आहे. रेशनच्या गव्हात सेलेनियम नावाचे द्रव्य फार जास्त होते आणि त्यामुळेच केस गळाले, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

पुढे तिथल्या पुष्कळ लोकांना पुन्हा केस येऊ लागले. समजा, त्याच दिवसांत तिथल्या चावडीवर आमचा तेलवाला बाटल्या मांडून बसला असता, तर? त्याच्या तसबिरींत किती जोड्या वाढल्या असत्या!

आमचे मामू आता थकले आहेत. ईदला भेटले की माझ्या डोक्यावर हात फिरवतात आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणतात, "पाहा, माझ्या कांद्याने आलेले केस!"

मी विचारतो, "मामू, डावीकडचे की उजवीकडचे?"