बघायचे पैसे

आमच्याकडं बैलाची असो की डिझेलची, तिला गाडीच म्हणतात. आणि गाडी घरची झाली की जनावरासारखी तिची नाडी कळायला लागते. मी १९७६ साली दहावी झालो अन् औताला लागलो. पुढं धाकट्या भावानं जुना ट्रक घेतला, तेव्हा रानातून मोकळा झालो की मी त्याच्यावर किन्नर म्हणून जायचो. त्या ट्रकची वायरिंग म्हणजे विहीर, पाट अन् वाफा. बॅटरीतून करंट निघायचा, फ्यूजमधून बटणाला यायचा, बटणातून बल्बला जायचा. दिवा लागला नाही की पाट कुठं फुटला तेवढं बघायचं.

नव्या गाडीचं तसं नाही. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-सिक्स गाड्याच विकायच्या असा नियम झाला. तो नियम धुराचा. पण या पिढीच्या गाड्यांत धुरासोबत बाकीचंही इलेक्ट्रॉनिक काम वाढलं. आम्ही २०२१ ला कर्ज काढून नवी सहाचाकी घेतली. तिच्यात इंजिनाचा कारभार एका पेटीकडं, अन् दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांचा कारभार दुसऱ्या पेटीकडं. या दुसरीला बीसीएम म्हणतात, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. वहीएवढी काळी पेटी, किन्नरच्या बाजूला डॅशबोर्डाखाली बसवलेली. आता बटण दाबलं की करंट सरळ बल्बला जात नाही. बटण पेटीला नुसता निरोप देतं, अन् पेटी बल्बला करंट सोडते. पूर्वी आपण स्वतः दारं धरायचो, आता मधी पाटकरी नेमलाय. पाटकरी आजारी पडला तर तळं भरलेलं असून रान कोरडं.

गेल्या पौषात आमचा पाटकरी आजारी पडला. दोन-तीन दिवस गाडी येड्यासारखं करत होती. उजवा इंडिकेटर दिला की वायपर एकदा हलायचा, नाहीतर हॉर्न मुका व्हायचा. पोरगं म्हणालं, "तात्या, सोलापूरहून येताना दाखवू." कारण कांदा भरून झाला होता. दीडशे पिशव्या. सोलापूरच्या मार्केटात सकाळच्या लिलावाला माल लागला पाहिजे. काढलेला कांदा पिशवीत किती दिवस कोंडून ठेवणार? दिवसा गाडी चालत होती, संध्याकाळी लाइटाही लागल्या. रात्री एकला तेरणाकाठच्या आमच्या गावातून निघालो. धाराशिव गेलं, तुळजापूर गेलं, अन् घाट उतरायला लागलो.

शाकंभरी नवरात्राचे दिवस होते. अष्टमीचा चंद्र मावळला होता. देवीला चालत येणारी माणसं घोळक्या-घोळक्यानं रस्त्याच्या कडेनं घाट चढत होती. कुणाच्या डोक्यावर बोचकं, कुणाच्या कडेवर लेकरू. एका वळणावर समोरचा सगळा उजेड एकदम गेला. दोन्ही लाइटा, पार्किंग, सगळं. इंजिन मात्र सुरू, जसं काही झालंच नाही. सात-आठ टनांची गाडी उताराला, पुढं माणसं, अन् हॉर्नसुद्धा वाजेना. पोरानं आरडाओरडा केला नाही. गियर खाली घेत, डोंगराच्या अंगाला धरून गाडी उभी केली. मी खाली उतरून चाकांना दगड लावले. चारी इंडिकेटर लावून धोका दाखवावा म्हटलं, तर तेही त्याच पेटीच्या हातात. मग मागं त्रिकोण ठेवला, अन् मोबाइलची बॅटरी लावून उजाडेपर्यंत दोघं आळीपाळीनं रस्त्यावर उभं राहिलो. येणारे-जाणारे 'आई राजा उदो उदो' करत जवळून जायचे. त्यांना काय माहीत, हा ट्रक इथं कसा थांबलाय.

उजाडल्यावर कांदा दोन पिकअपमध्ये चढवून सोलापूरला धाडला. एका वर्कशॉपला फोन लावला तर न बघताच सांगितलं, "पेटी अन् पूर्ण वायरिंग बदलावी लागंल, गाडी ओढून आणा." खर्चाचा आकडा ऐकून भाऊ खालीच बसला. महिन्याचा हप्ता तोंडावर होता. मग पोरानं तुळजापूरच्या चाचाला बोलावलं. चाचा माझ्याच वयाचा, चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरी जोडणारा. सोबत आयटीआय झालेला भाचा अन् त्याच्याकडं स्कॅनर.

चाचा म्हणाला, "तात्या, पेटी सगळ्यात शेवटी. तिच्या मागं-पुढं जे हाय ते आधी बघायचं."

पहिल्यांदा बॅटऱ्या. ट्रकला बारा-बारा व्होल्टच्या दोन, मिळून चोवीस. त्या चांगल्या होत्या. मग पेटीकडं जाणारे फ्यूज; नुसते डोळ्यांनी नाही, टेस्ट लॅम्प लावून दोन्ही अंगांनी. तेही चांगले. मग अर्थ. चाचानं मीटरची एक सुई पेटीच्या अर्थाच्या वायरीला अन् दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. म्हणाला, "हितं व्होल्ट दिसला असता तर मी पेटीचं नावच घेतलं नसतं. निम्म्या पेट्या अर्थाच्या पापानं बदलल्या जात्यात." काटा जवळपास शून्यावर होता.

मग भाचा पुढं आला. या गाड्यांत पेट्यांचं एकमेकींशी बोलणं पीळ दिलेल्या दोन वायरींवरून चालतं. त्याला कॅन म्हणतात. १९८६ साली जर्मनीच्या बॉश कंपनीनं ही पद्धत जगापुढं आणली. या वायरींच्या दोन टोकांना १२० ओहमचा एक-एक रोध असतो. बॅटरी सोडून मधे मोजलं तर दोन्ही मिळून ६० दिसायला पाहिजेत. १२० दिसले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ दिसले तर दोन्ही वायरी एकमेकीला चिकटल्यात. आमच्या गाडीत ६० दिसले. म्हणजे बोलायचा रस्ता शाबूत.

बॅटरी जोडून स्कॅनर लावला. इंजिनाची पेटी लगेच बोलली. बीसीएम कधी बोलायची, कधी गप्प. बोलली त्या घटकेला भाच्यानं पोराला लाइटाचं बटण दाबायला लावलं. पडद्यावर उमटलं : बटणाचा निरोप पोचला. त्याच्या खाली : लाइटाला करंट सोडायचा हुकूम दिला. अन् पेटीच्या तोंडाशी मीटर लावला तर करंट नाही. मग चाचानं पेटीतून कपलर काढला अन् लाइटाच्या वायरीला फ्यूज लावून बाहेरून करंट दिला. लाइट लख्ख लागली! बटण खरं, वायर खरी, बल्ब खरा. मधलीच खोटी.

चाचानं कपलरचं तोंड उजेडाकडं केलं. आंबट टाकलेल्या पितळेच्या भांड्यासारख्या पिना हिरव्या पडल्या होत्या, कळकल्या होत्या. तो म्हणाला, "पाणी. पण कुठून?" बाटलीनं काचेवर पाणी ओतत गेला. दिवाळीआधी दगड लागून पुढची काच फुटली होती, ती बाहेर बसवून घेतली होती. तिच्या खालच्या कोपऱ्यात सील बसलंच नव्हतं. गाडी धुतली की थेंब वायरिंगवरून घरंगळत पेटीत. हे न बघता पेटी बदलली असती तर नवीही दिवाळीपर्यंत सडली असती.

भंगारातली पेटी निम्म्याहून कमी पैशात आणून देतो म्हणणारा एक जण भेटला. भाच्यानं नको म्हणून सांगितलं. पेटीत त्या-त्या गाडीची माहिती भरलेली असते : लाइटा कसल्या, वायपर किती वेगाचा, कुठल्या सोयी आहेत. दुसऱ्या गाडीची पेटी म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपलं कर्ज काढणं. जुन्या पेटीवरचा नंबर तंतोतंत जुळवून नवी मागवली. चौथ्या दिवशी आली. काच नीट बसवली, बॅटरीची तार सोडली, पिना नव्या टाकल्या, पेटी बसवली. बसवायला अर्धा तास. पण पेटी अजून मुकीच! तिच्यात गाडीची माहिती भरायला कंपनीचं सॉफ्टवेअर अन् त्याचा पासवर्ड लागतो, तो भाच्याकडं नाही. मग दिवसाउजेडी गाडी हळूहळू सोलापूरला नेली. तिथं लॅपटॉप लावला, अन् थोड्याच वेळात पेटीला वाचा आली.

पेटी आमच्या पैशाची, गाडी आमच्या कर्जाची, पण तिला बोलतं करायची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. हे मला टोचलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या कामात शेतीची अवजारंही होती अन् मोटारीही. त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचं पोर्टलही सुरू झालं. पोर्टल चांगलंच आहे. पण रात्री घाटात अडकलेल्याला तुळजापूरच्या भाच्याच्या स्कॅनरमध्येच ती किल्ली पाहिजे.

हिशेबाच्या दिवशी चाचानं हजार रुपये सांगितले. भाऊ म्हणाला, "चाचा, पेटी आमची, पासवर्ड त्यांचा. तू तर नुसतं बघितलंस."

चाचा काही बोलला नाही. मीच भावाला म्हणालो, "वर्कशॉपनं न बघता सांगितला तो आकडा आठव. त्यातून पेटीची किंमत वजा कर. उरलं ते यानं बघितलं म्हणून वाचलं."

भावानं मनातल्या मनात वजाबाकी केली असावी. पाचशेच्या दोन नोटा काढल्या, अन् वरून भाच्याच्या हातात शंभराची एक ठेवली.