घोडशीर

भातशेती करणाऱ्या माणसाचं वय टाचेवरून ओळखावं. चाळीस-पन्नास पावसाळे चिखलात काढले की कंबर, गुडघा आणि टाच आपापला हिशोब मागायला लागतात. माझा हिशोब डाव्या टाचेने मागितला.

पोटरीपासून टाचेपर्यंत उतरणारी दोरीसारखी जाड शीर असते. आमच्याकडची जुनी माणसं तिला घोडशीर म्हणायची. डॉक्टर अकिलीस टेंडन म्हणतात. खरं तर ती रक्ताची शीर नव्हेच. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधून ठेवणारा तो दोर आहे, अंगातल्या अशा दोरांमधला सगळ्यात जाड. पण त्याला रक्तपुरवठा कमी. म्हणून एकदा दुखावला की भरून यायला महिनोन् महिने लागतात.

माझं दुखणं सहा वर्षांचं. सकाळी खाटेवरून पाय खाली ठेवला की पहिली वीस पावलं भिंत धरून. जरा चाललं की शीर सैल होते, माणूस कामाला लागतो आणि संध्याकाळी पुन्हा ठणका. चिखलणीच्या दिवसांत तर विचारूच नका. टाच खोल रुतते आणि पाय उपसताना सगळा ताण तिथेच.

आमचं गाव कल्याण-मुरबाड रस्त्याला, उल्हास नदीच्या अंगाला. लहानपणी पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधून थोरल्या काकांनी डोहात ढकललं, तेव्हापासून पोहणं सुटलं नाही. शर्यत नाही, बक्षीस नाही. अंगातला शीण पाण्यात जातो, एवढंच. आता नदीत जलपर्णी दाटते, उतरायला जीव धजत नाही. म्हणून लेकीकडे डोंबिवलीला गेलो की सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुलातल्या तरण तलावात जातो. डोक्यावर रबरी टोपी घातलेला शेतकरी पाहून नातवंडं पोट धरून हसतात. हसू देत.

लोक म्हणतात, पाण्यात पायावर भार नसतो, मग दुखतं कसं? दुखतं. पाय मारताना पंजा मागे ताणून ठेवावा लागतो, पोटरी आखडते. भिंतीला पाय लावून जोरात ढकललं की टाचेतून कळ थेट वर येते. पायाला रबरी पंखे लावले तर ताण आणखी वाढतो. मग मी माझ्यापुरती रीत बसवली. काठ आला की हाताने धरून वळायचं आणि उजव्या पायाने हलकेच ढकलायचं. मांड्यांच्या मध्ये फोमचा ठोकळा धरायचा. पाय मागे तरंगत येतात, काम हात करतात.

हाताने पोहण्याची लाज कशाला? आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गला 50 मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं, पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं. त्यांच्यापुढे माझी टाच म्हणजे काहीच नाही.

पण पोहून शीर बरी होत नाही, ती फक्त दमाला येते. ताकद द्यायची तर तिच्यावर बेताबेताने भार घालावा लागतो. कल्याणच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी हे समजावलं. आल्फ्रेडसन नावाच्या स्वीडनच्या डॉक्टरांनी 1998 साली हा व्यायाम मांडला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं. दोन्ही पायांनी वर जायचं, दुखऱ्या पायाने सावकाश खाली यायचं. गुडघा सरळ ठेवून 15 वेळा, अशा 3 फेऱ्या. गुडघा वाकवून तेवढ्याच. सकाळ-संध्याकाळ, 12 आठवडे. दिवसाचे 180 झाले. ज्यांचं दुखणं अगदी टाचेच्या हाडापाशी आहे त्यांनी टाच पायरीच्या खाली उतरवू नये, सपाट जमिनीवर करावं, असंही बाईंनी बजावलं.

शेजारी म्हणाले, इंजेक्शन घ्या आणि मोकळे व्हा. बाईंनी मान हलवली. स्टिरॉइडचं इंजेक्शन त्या दोरात गेलं तर दोरच तुटायची भीती. घरात बायको म्हणते, "अहो, पाय राहील, पण पायरी झिजेल आपली!"

हे सगळं एवढ्या नेटाने करायचं कारण निराळं आहे. आमच्या दोन्ही बांधांपलीकडे आता इमारती उभ्या आहेत. पोराने मागच्या वैशाखात विषय काढला, "आबा, पाय हा असा. जागेला भाव आलाय, देऊन टाकू." पोरगा वाईट नाही, नोकरीवाला आहे, बापाला लंगडताना बघवत नाही त्याला. मी म्हटलं, "बारा आठवडे दे मला."

त्या पावसाळ्यात लावणीला उभा राहिलो. पूर्वी दिवसभर वाकायचो, आता अर्धा दिवस. बाकी मजुरांच्या हाती. ठणका गेला नाही, पण सकाळची वीस पावलं पाचांवर आली. पोरगा रविवारी बांधावर आला, काही बोलला नाही, पँट दुमडून खाचरात उतरला.

जमिनीचं पुढे काय, ते तो आणि मी बसून ठरवू. तूर्त कर्जत-3 चं बियाणं वाळवून कणगीत भरून ठेवलंय.