उरलेल्या टर्कीची गोष्ट

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी सगळी न्यू जर्सी मॉलकडे धावत असते. या खेपेस आम्ही मात्र गाडी उत्तरेकडे काढली. टॅपन झी ओलांडला (2017 साली पूल नवा झाला, नावही बदललं, पण आमच्या तोंडी टॅपन झीच!) आणि टॅकॉनिक पार्कवेने यॉर्कटाउन हाइट्स गाठलं. झाडांची पानं गळून गेलेली, रस्ता वळणावळणाचा. मागच्या सीटवर लेक चष्मा लावून बसली होती. एरवी ती चष्म्यात कोणाला दिसायची नाही. पण चार दिवसांनी तिच्या डोळ्यांचं लेसर ऑपरेशन होतं. कॉन्टॅक्ट लेन्सने बुबुळाचा आकार किंचित बदलतो, म्हणून मोजमापाच्या आधीपासूनच लेन्स बंद.

तिचा नंबर उणे सहा. कॉलेजात असताना लेन्स घालूनच झोपायची, त्यातून एकदा डोळ्याला जखम झाली. तेव्हा आम्ही दोघं रात्रभर जागलो होतो. तरीही धडधाकट डोळ्याला लेसर लावायचं म्हटल्यावर आमच्या पोटात गोळा आला. "बाबा, हे जिथे सुरू झालं ती जागा तरी बघा," असं म्हणून तिनेच हा बेत ठरवला.

ती जागा म्हणजे आयबीएमचं वॉटसन संशोधन केंद्र. एरो सारिनेन या वास्तुविशारदाची 1961 सालची, कमानीसारखी वळलेली काचेची आणि दगडाची इमारत. आत जायची सोय अर्थातच नाही. बाहेरूनच दर्शन घेतलं.

इथे 1981 साली, अशाच थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, रंगस्वामी श्रीनिवासन घरची उरलेली टर्की घेऊन कामावर आले. मद्रास विद्यापीठात शिकलेला हा माणूस. आपल्याकडे उरलेल्या पोळीला फोडणी देतात, यांनी उरलेल्या टर्कीवर लेसर सोडला! 193 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश प्लॅस्टिकवर स्वच्छ खाच पाडतो हे त्यांना ठाऊक होतं. जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे सहकारी बरोबर होते. टर्कीवरही तशीच रेखीव खाच पडली, कडेला जळल्याची खूण नाही. दुसऱ्या, हिरव्या प्रकाशाच्या लेसरने मात्र मांस करपलं. 1983 साली कोलंबिया विद्यापीठाचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल त्यांना येऊन मिळाले आणि वासरांच्या डोळ्यांवर प्रयोग झाले. माणसांसाठी अमेरिकेत सरकारी मान्यता मिळायला 1995 उजाडलं. 2013 साली तिघांना व्हाइट हाउसमध्ये राष्ट्रीय पदक मिळालं.

लेकीने गाडीतच आमचा वर्ग घेतला. बुबुळावरचा पारदर्शक पडदा जेमतेम अर्धा मिलीमीटर जाड. लेसरचा एकेक ठोका त्यातला पाव मायक्रॉनच्या आसपास थर उडवतो. असे शेकडो ठोके देऊन मधला भाग थोडा सपाट केला की लांबचं स्पष्ट दिसतं. पडदा मुळात पातळ असेल तर डॉक्टर सरळ नाही म्हणतात. हिचा पुरेसा जाड निघाला. नंतर डोळे कोरडे पडतात, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, हेही तिने लपवलं नाही.

"मग माझंही करून घेऊ का?" आईने विचारलं.

"तू आता चष्मा काढून सुईत दोरा ओवतेस ना? ते जाईल. वाचायला चष्मा लागेल."

चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं, त्यावर या ऑपरेशनचा उपाय चालत नाही. आईने बेत तिथेच सोडला. खरं सांगायचं तर आम्हांला हायसं वाटलं.

परतताना क्रोटनच्या धरणापाशी थांबलो. 1906 साली पुरं झालेलं हे दगडी धरण न्यूयॉर्क शहराला पाणी पुरवतं. बाकावर बसून मेथीचे ठेपले खाल्ले आणि थर्मासातला चहा ओतला. तिघांचेही चष्मे वाफेने एकदम धुरकटले. लेकीने आपला काढून आईच्या शालीला पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "फोटो काढा, तिघांचा. मंगळवारनंतर तुम्ही दोघंच."